वाकायामाचे गव्हर्नर योशिनोबु निसाका

जपानमधील प्रांताचा गव्हर्नर आपल्याकडील राज्यपालाप्रमाणे नियुक्त होत नाही; जनताच त्याला चार वर्षांसाठी निवडून देते. २००६ साली वाकायामा प्रांताच्या तत्कालीन गव्हर्नरांना सार्वजनिक कामांच्या निविदांतील गैरव्यवहारामुळे पद सोडावे लागले. त्या रिक्त पदावर ब्रुनेईतील माजी राजदूत योशिनोबु निसाका निवडून आले आणि सलग चार वेळा विजयी होऊन २०२२ पर्यंत राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, २०१३ मध्ये, महाराष्ट्र व वाकायामा यांच्यात सहकार्य करार झाला. २०१५ साली तेथील कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मतांनी पद मिळते, परंतु ते टिकविण्यास शील लागते, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना वाकायामाच्या उदाहरणाने सांगतो.