घशातील निरुपद्रवी भेद

नवी मुंबईतील शाळांतून प्रकृतीची तपासणी होते तेव्हा डॉक्टर ‘आ’ करावयास सांगतात. पुष्कळ विद्यार्थी घरी आरशापुढे हाच प्रयोग करतात आणि घशात काही अपरिचित दिसले की घाबरतात. त्यांच्याकरिता हा लेख आहे.

जीभ बाहेर काढल्यावर तिच्या मुळामागे फिकट गुलाबी, कमानीसारखी कडा दिसली, तर ती बहुधा श्वासमार्गावरील झाकणाची असते. हे झाकण बाह्यकर्णातल्यासारख्याच लवचिक कूर्चेचे व पानाच्या आकाराचे असून, घास गिळताना खाली झुकते आणि अन्नास श्वासनलिकेत जाऊ देत नाही. बालवयात स्वरयंत्र मानेत उंच असते, वयाबरोबर ते खाली उतरते. म्हणून प्रौढांत सहसा न दिसणारे हे झाकण काही मुलांत सहज दृष्टीस पडते. त्यास औषध नको.

पडजीभ कोणाची लांब, कोणाची आखूड, तर क्वचित कोणाची टोकाशी दुभंगलेली असते. दुभंगलेली पडजीभ बहुधा निरुपद्रवी होय. तथापि बोलणे नाकातून येत असेल किंवा प्यालेले दूध नाकावाटे येत असेल, तर टाळूची तपासणी अवश्य करावी. ‘पडजीभ पडली’ म्हणून ती बोटाने वर दाबण्याचा आपल्याकडील जुना प्रघात मात्र सोडून द्यावा, हे उत्तम.

टॉन्सिलच्या गाठी साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात मोठ्या दिसतात व पुढे आपोआप लहान होतात. केवळ आकार पाहून निर्णय केल्यास काय घडते, हे १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्क येथील पाहणीवरून कळते. तेथील १००० शाळकरी मुलांपैकी ६११ जणांच्या गाठी आधीच काढलेल्या होत्या. उरलेल्या ३८९ पैकी १७४ जणांस डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली. राहिलेली २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठविली, तर त्यांतील ९९ जणांस पुन्हा तोच सल्ला! तिसऱ्या तपासणीनंतर अवघी ६५ मुले सुटली. गाठी त्याच होत्या; पाहणारे डोळे तेवढे बदलले. वारंवार ज्वरासह घसा सुजणे किंवा झोपेत श्वास अडखळणे, ही कारणे अर्थातच निराळी.

एक गोष्ट मात्र विसरू नये. तीव्र ज्वर, तोंडातून गळणारी लाळ, गिळण्यास असह्य वेदना व घरघरणारा श्वास ही लक्षणे एकत्र दिसली, तर घरी चमच्याने जीभ दाबून घसा पाहत बसू नये. मुलास बसते ठेवून तत्काळ रुग्णालयात न्यावे.