देवपूरचा उन्हाळा आणि पृथ्वीच्या पोटातील उष्णता

धुळ्यात पांझरा नदी ओलांडली की पैलतीरी देवपूर लागते. मे महिन्यात येथील पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, तेव्हा भुईतूनच आग निघते आहे असे सहज म्हटले जाते. खानदेशात या समजुतीला आधारही सापडतो. चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे. आणि पायाखालचा काळा पाषाण तर लाव्हारसाचाच बनलेला.

पृथ्वीच्या गाभ्याचे तापमान ५,००० अंशांच्या घरात आहे, हे खरे. काही उष्णता पृथ्वी घडताना साठलेली, तर काही युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गातून आजही निर्माण होणारी. परंतु खडक हा उष्णतेचा मंद वाहक होय. पृथ्वीच्या पोटातून पृष्ठभागावर येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी अवघी ०.०९ वॅट भरते. म्हणजे दहा गुंठे जमिनीतून सुमारे ९० वॅट, एका जुन्या विजेच्या दिव्याइतकी! उलट, मे महिन्याच्या भर दुपारी सूर्य एकाच चौरस मीटरवर ९०० वॅटच्या आसपास उष्णता ओततो. भूगर्भातील उष्णता उद्या थांबली, तरी देवपूरच्या हवेत अंशाच्या दहाव्या भागाइतकाही फरक पडणार नाही.

मात्र सूर्याची ही सत्ता उथळ आहे. दिवसरात्रीचा चढउतार मातीत हातभर खोल गेल्यावर जवळजवळ विरतो. ऋतूंचा चढउतार दहा-पंधरा मीटरांवर संपतो. त्याखाली तापमान वर्षाच्या सरासरीइतके राहते; म्हणूनच खोल विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागते. आणखी खाली मात्र भूगर्भाचे राज्य सुरू होते. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश, या हिशेबाने २०० मीटर खोल कूपनलिकेच्या तळाशी पाच-सहा अंशांची वाढ होते. एवढ्यावरून तेथे ज्वालामुखी असल्याची शंका घेण्याचे कारण नाही.

उनपदेवचेही तसेच. दख्खनचा लाव्हारस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला व केव्हाच निवाला. तापीच्या खोऱ्यात भूकवचाला मोठे तडे आहेत. पावसाचे पाणी अशा तड्यांतून खोल उतरते, तापते आणि निवण्यापूर्वीच वर येते. तीस अंशांनी तापण्यास त्याला एक किलोमीटर किंवा त्याहून खोल जावे लागते.

शाळांना याचा पडताळा घेता येईल. हातपंप काही वेळ चालवून ताज्या पाण्याचे तापमान जानेवारीत व मे महिन्यात मोजावे. हवेत मोठे अंतर पडलेले असूनही पाण्याच्या दोन नोंदींत फरक थोडाच आढळेल.