थायरॉइडजन्य नेत्ररोग : शस्त्रकर्माचा काळ व क्रम

या रोगात नेत्रगोलकामागील स्नायू व मेद सुजतात. अस्थिमय नेत्रगुहा मात्र प्रसरण पावत नाही, म्हणून डोळे पुढे येतात. गुहेच्या भिंतीचा काही भाग किंवा मेद काढून जागा करणे, हे मुख्य शस्त्रकर्म होय. रोग सुमारे ६ महिने स्थिर राहिल्यावर प्रथम हे, मग तिरळेपणाचे, शेवटी पापण्यांचे कर्म करतात. कारण आधीच्या कर्माने पुढची स्थिती बदलते. धूम्रपानाने रोग बळावतो, हे औषधविक्रेत्यांनीही सांगावे.

रंग फिके दिसू लागल्यास किंवा दृष्टी मंदावल्यास मात्र दृष्टिनाडी दबल्याची शंका घ्यावी. तेथे शिरेतून स्टिरॉइड देतात व गुण न आल्यास विनाविलंब शस्त्रकर्म करतात. अशा रुग्णास कांचनार गुग्गुळ देऊन पंधरा दिवसांनी बोलावणे आम्हांस अक्षम्य वाटते; त्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.