धाग्याची साक्ष

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात म्हसवड हे गाव आहे. सिद्धनाथाची रथयात्रा आणि घोंगडी यांसाठी ते प्रसिद्ध आहे. मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, तिचे सूत कातायचे, ते मागावर विणायचे आणि चिंचोक्याची खळ लावायची, अशी घोंगडी तयार करण्याची जुनी रीत आहे.

समजा, बाजारात एखादा विक्रेता तुम्हांला म्हणाला, "हे घोंगडे अस्सल लोकरीचे आहे आणि तीनशे वर्षांपूर्वीचे आहे." त्याच्या बोलण्यात दोन दावे आहेत. पहिला दावा तुम्ही घरीसुद्धा तपासू शकता. घोंगड्याच्या कडेचा एक धागा काढा. वडीलधाऱ्या माणसाला जवळ बसवा आणि धागा चिमट्यात धरून पेटवा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येईल आणि मागे चुरगळणारी काळी राख राहील. कापूस असेल तर कागदासारखा वास येईल. कृत्रिम धागा मात्र वितळतो आणि त्याचा कडक मणी बनतो. ही परीक्षा साधी असली तरी तिचे मोल मोठे आहे. गिरणीतले कृत्रिम धाग्याचे कांबळे घोंगडे म्हणून खपले, तर आठवडाभर मागावर बसणाऱ्या विणकराची भाकरी जाते.

जुने कापड असे जाळून कसे चालेल? तिथे सूक्ष्मदर्शक कामाला येतो. गुन्ह्याच्या तपासात संशयिताच्या सदऱ्यावरचा तंतू जसा पाहतात, तसाच हा पाहतात. लोकरीच्या तंतूवर घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले दिसतात. कापसाचा तंतू पीळ दिलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. जवसाच्या तंतूवर बांबूसारख्या गाठी असतात, तर रेशीम गुळगुळीत असते.

या ज्ञानाचा एक मोठा उपयोग आपल्या मुंबईत झाला. १९२० नंतरच्या दशकात मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीचे एक भांडे सापडले. त्याला कापडाचे तुकडे चिकटलेले होते. धातूच्या क्षारांमुळे ते कुजले नव्हते. हे तुकडे माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत तपासण्यात आले. ही प्रयोगशाळा १९२४ साली स्थापन झाली होती. तेथील जेम्स टर्नर आणि ए. एन. गुलाटी यांनी तंतू पाहिले, त्यांचा पीळ पाहिला आणि हा सावरीचा नव्हे, तर खरा कापूस आहे असे सांगितले. त्यांचा अहवाल १९२९ साली प्रसिद्ध झाला. चार हजार वर्षांहून जुन्या कापडाची ती ओळख होती!

पुढे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने नेवासे येथे उत्खनन केले. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. तेथे एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत दोऱ्याचे अवशेष टिकून होते. तेही गुलाटींनी तपासले. त्यांत कापूस आणि रेशीम दोन्ही निघाले. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागात रेशीम असेल, असे कुणाला वाटले असते? कोणत्याही पोथीत न लिहिलेली गोष्ट त्या दोऱ्याने सांगितली.

रंगही साक्ष देतो. मंजिष्ठा, जिला उर्दूत मजीठ म्हणतात, तिच्या मुळांपासून लाल रंग मिळतो. त्यात रंग देणारी अनेक द्रव्ये असतात. त्यांपैकी एक द्रव्य रसायनतज्ज्ञांनी कोळशाच्या डांबरापासून तयार केले आणि १८६९ पासून ते कारखान्यात बनू लागले. म्हणून लाल रंगात केवळ तेच एक द्रव्य आढळले, तर पाचशे वर्षांचा दावा लगेच संशयास्पद ठरतो. कारखान्यातली नीळ तर १८९७ पासूनची.

वय मोजण्यासाठी कार्बन-१४ वापरतात. प्रत्येक सजीवात हा किरणोत्सारी कार्बन असतो. झाड किंवा प्राणी मेला, लोकर कातरली गेली, की तो नव्याने मिळत नाही आणि ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. १९२५ च्या सुमारास इराणमध्ये रै शहराजवळच्या जुन्या कबरींत बुवैही काळातील रेशमी वस्त्रे सापडली. त्यांची कीर्ती झाली आणि तशी अनेक वस्त्रे बाजारात आली. मोठमोठ्या संग्रहालयांनी ती विकत घेतली. त्यांवरची कूफी अक्षरे पाहून विद्वानांत अनेक वर्षे वाद चालला. पुढे कार्बन तपासणीत काही वस्त्रे खरोखर जुनी, तर काही विसाव्या शतकातली निघाली.

पण हा कार्बन धाग्याचे वय सांगतो, विणण्याचे नाही. जुन्या सुताचे नवे कापड विणणारा लबाड माणूस त्याला फसवू शकतो. शिवाय १६५० ते १९५० या काळातील वस्तूंचे नेमके वर्ष त्याला सांगता येत नाही, कारण त्या तीन शतकांत हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सारखे वरखाली झाले. म्हणजे म्हसवडच्या त्या तीनशे वर्षांच्या घोंगड्यापुढे हे महागडे यंत्रही अडखळेल. मग तज्ज्ञ पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळतील, सुताचा पीळ आणि वीण पाहतील, काठाचा रंग तपासतील, आणि विक्रेत्याला विचारतील, "हे घोंगडे तुमच्याकडे आले कुठून?"