लोकर-कातरणी : एक अभ्यास

धनगर म्हटला की खांद्यावरचे घोंगडे डोळ्यांपुढे येते. त्या घोंगड्याआधी कातर असते, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. माझे बालपण माणदेशात, मेंढरांच्या वाड्यावर गेले. जे पाहिले व हाताने केले, तेच येथे मांडतो.

आमची मेंढी दख्खनी. लोकर बहुधा काळी, राठ. रानटी मेंढीची लोकर ऋतुमानाप्रमाणे गळते. पाळीव लोकरी मेंढीची वाढतच राहते. म्हणून वर्षातून दोनदा कातरणी करावी लागते.

प्रथम मेंढरे ओढ्यात धुतात, म्हणजे माती व कुसळे निघतात. अंग पूर्ण वाळू द्यायचे. ओली लोकर साठवल्यास कुजते. मग मेंढीला कुशीवर पाडून पाय बांधतात. डाव्या हाताने कातडे ताणायचे, उजव्याने कातर अंगालगत चालवायची. एकाच जागी दोनदा कातर फिरवली तर आखूड तुकडे पडतात. त्यांचे नीट सूत निघत नाही.

पहिल्या खेपेस मी घाई केली व पोटाजवळ कातडे कापले. आज्जाने जखमेवर हळद दाबली. म्हणाला, "कातर पळवू नगंस, पोरा. कातडं सैल सुटलं की तितंच कापतं."

कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ; ती निराळी ठेवतात. पुढे पिंजणे, कातणे, सुताला चिंचोक्याची खळ देणे आणि सणगरांच्या मागावर विणणे.

आता अर्थशास्त्र पाहू. दख्खनी मेंढीची वर्षाची लोकर किलोभरही भरत नाही. ऑस्ट्रेलियातील मेरिनो चार-पाच किलो देते, तीही तलम. यंत्रावरची स्वस्त ब्लँकेटे आल्यावर घोंगड्याचे गिऱ्हाईक घटले. मेंढीचे मोल मांसावर ठरू लागले. कातरणी मात्र चुकत नाही : पूर्वीचे उत्पन्न आज खर्च झाले आहे.

गेल्या दिवाळीत आमची दोन पोती लोकर कोणी घेतली नाही. वडिलांनी ती शेतात खत म्हणून पुरली. आज्जाने जावळाचे गाठोडे तेवढे बाजूला काढले.

त्याच्या जुन्या जावळाचे घोंगडे मी वसतिगृहात पांघरतो. पहिल्या वर्षी ते ट्रंकेत लपवले होते, हेही येथे कबूल केले पाहिजे.