डब्यातले विमान

तान्हा पोळा आला की आपल्या सालेकशात लाकडी बैल निघतात. पोरे त्यांना रंग देतात, चाके लावतात, दोरी बांधून ओढत नेतात. हा बैल खऱ्या बैलासारखा दिसतो. पण तो मापाचा नसतो. कधी शिंगे लांब होतात, कधी पाय आखूड होतात. कोणी तक्रार करत नाही. पोर हसले म्हणजे झाले.

आज आपण दुसऱ्या एका खेळण्याविषयी वाचू. हे खेळणे म्हणजे लढाऊ विमान. तेही तळहातावर मावते. पण ते मापाचे असते. म्हणूनच ते करणे अवघड.

आमच्या गल्लीत एक सुतारकाका राहतात. ते रात्रीच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकले. अजून ओळीखाली बोट ठेवून वाचतात. त्यांचे मोठे भाऊ गोंदियाला रेल्वेत नोकरीला होते. तरुणपणी त्यांनी कलकत्त्याहून एक डबा आणला होता. डब्यात विमानाचे सुटे भाग होते. ते जोडायला त्यांना कधी सवड झाली नाही. नोकरी झाली, संसार झाला, आणि ते वारले. मुलाला ट्रंकेत हा डबा सापडला. तो नववीत शिकतो. डबा घेऊन तो सालेकशाला आला.

“काकाजी, बाबांचे विमान जोडून द्या जी,” तो म्हणाला.

डबा जुना. तसा दुसरा आता सहज मिळत नाही. एक भाग मोडला तर कोठून आणायचा? काकांनी डबा हातात घेतला आणि बराच वेळ उघडलाच नाही.

विमानाचे नाव स्पिटफायर. हे विलायतेचे विमान. ते पहिल्यांदा ५ मार्च १९३६ रोजी उडाले. दुसऱ्या महायुद्धात त्याने फार नाव मिळवले. अशी वीस हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. याचे पंख सरळ फळीसारखे नसतात. मोहाच्या पानासारखे कडेला गोलसर असतात. त्यावरून ते दुरूनही ओळखू येते.

आपल्या देशाच्या वायुसेनेकडेही स्पिटफायर होती. महायुद्धात ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली. १९४७ साली काश्मीरवर हल्ला झाला, तेव्हा ती श्रीनगरहून उडाली. काश्मीरच्या त्या लढाईत हृषीकेश मुळगावकर या मराठी वैमानिकाने मोठी कामगिरी केली. त्यांना महावीर चक्र मिळाले. पुढे १९७६ ते १९७८ या काळात ते साऱ्या वायुसेनेचे प्रमुख होते. खरे स्पिटफायर पाहायचे असेल तर ते दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात आहे. आणि युद्धाची आठवण आपल्या जवळही आहे. गोंदियाजवळ बिरसीला जो विमानतळ आहे, त्याची धावपट्टी इंग्रजांनी त्याच महायुद्धाच्या काळात बांधली.

आता मापाचे पाहू. डब्यावर १ आणि ७२ असे आकडे होते. खऱ्या विमानाचे ७२ भाग केले तर त्यातला १ भाग म्हणजे हे विमान, असा त्याचा अर्थ. काकांना हे लगेच कळले नाही. मग त्यांनी फूटपट्टी घेतली. ६ फूट म्हणजे ७२ इंच. म्हणजे खऱ्या ६ फुटांना येथे १ इंच! हिशेब सोपा झाला. खरे विमान एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ३७ फूट. येथे ते ६ इंचांहून थोडे जास्त. लांबी सुमारे ३० फूट, येथे ५ इंच. ६ फूट उंच माणूस येथे १ इंचाचा.

“मंग ह्या बाबाची टोपी केवढी असंन?” काका म्हणाले आणि हसले.

हे ७२ चे माप केवळ खेळासाठी नव्हते. युद्धात आकाशात विमान दिसले की ते आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखावे लागे. चुकले तर आपल्याच माणसावर गोळी सुटे. म्हणून सैनिकांना लहान विमाने दाखवून शिकवत. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळेतल्या मुलांकडून अशी लाकडी विमाने करून घेतली. त्यांचे मापही ७२ ला १ असेच होते. पंख थोडा वाकडा झाला तर ते विमान शिकवायला चालत नसे. युद्ध संपल्यावर प्लास्टिकचे संच सर्रास निघू लागले. विलायतेतल्या एअरफिक्स कंपनीने १९५३ साली विमानाचा पहिला संच काढला, तोही स्पिटफायरचाच.

डबा उघडला. आत प्लास्टिकच्या काड्यांची चौकट होती. चिंचेच्या डहाळीला चिंचा लटकाव्या तसे त्या काड्यांना भाग लटकले होते. शेजारी आकडे होते. घडी केलेला एक कागद होता. त्यावर चित्रे, आकडे आणि थोडे इंग्रजी होते. इंग्रजी पुतण्याला येत होते. आकडे मोबाईलमुळे काकांच्याही ओळखीचे.

पण काका म्हणाले, “कागद काहून पाहिजे? चाळीस वर्षं लाकूड जोडून राहिलो मी.”

विमानाचे धड दोन अर्ध्यांत होते, भुईमुगाच्या टरफलासारखे. काकांनी दोन्ही कडांना चिकटद्रव्य लावले आणि अर्धे एकमेकांवर दाबले. फट दिसेना. काका खूश झाले. तेवढ्यात पुतण्या म्हणाला, “काकाजी, हा दांडा राहिला.”

तो पुढच्या फिरत्या पंख्याचा दांडा होता. तो नाकाच्या आत अडकवून मगच धड बंद करायचे होते. कागदावर ते तिसऱ्या चित्रात होते. खुर्ची आणि आतला माणूस दुसऱ्या चित्रात. तीही टेबलावरच पडली होती.

येथे प्लास्टिकच्या चिकटद्रव्याचा गुण सांगितला पाहिजे. सरस लाकडावर बसतो आणि वाळतो. हे द्रव्य प्लास्टिकला थोडे विरघळवते. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात. वाळल्यावर दोन तुकडे उरतच नाहीत, एकच होतो. मग उकलायचे म्हणजे मोडायचेच.

काकांनी श्वास रोखला. पटाशीची धार घालून त्यांनी हळूच कडा उकलल्या. द्रव्य अजून ओले होते, म्हणून धड सुटले. पण नाकाजवळ काकांच्या अंगठ्याचा ठसा उमटला. पूर्वी हा अंगठा कागदावर उमटत असे, असे माझ्या मनात आले. मी बोललो नाही. काका मात्र बोलले, “गुरुजी, कागद द्या इकडे.”

त्यानंतर तीन संध्याकाळी काम चालले. काका आकडा मोठ्याने वाचत, पुतण्या भाग शोधून देई. तुमच्याही हाती असा संच आला तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. भाग काडीवरून पिळून तोडू नका, पात्याने कापा. पिळला की खळगा पडतो. कापल्यावर राहिलेला टोकदार अंश बारीक कानशीने घासा. जोडण्याआधी भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्याचे तेल राहिले तर रंग धरत नाही. द्रव्य लावण्याआधी भाग कोरडेच बसवून पाहा. द्रव्य काडीच्या टोकाने, अगदी थोडे लावा. खिडकी उघडी ठेवा आणि चूल, दिवा, विडी दूर ठेवा. त्याची वाफ पेट घेते आणि डोकेही दुखवते. लहान मुलांना एकट्याने हे काम देऊ नका.

पंख बसवताना काकांचे सुतारपण कामाला आले. स्पिटफायरचे पंख टोकाकडे थोडे वर उचललेले असतात. दोन्ही बाजूंना सारखेच हवेत. काकांनी दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीचे टेकू लावले आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी समोरून एक डोळा मिटून पाहिले, दाराची चौकट पाहतात तसे. नाकावरचा ठसा त्यांनी काचकागदाने घासून काढला. जवळजवळ सगळा गेला. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण मात्र त्या द्रव्याने धुरकट होते. ते साध्या पांढऱ्या डिंकाने चिकटवले.

मग रंग आले. रंग पातळ हवा. केसाएवढा थर येथे लागला तर खऱ्या विमानावर तो जवळजवळ पाव इंच जाड झाला असता. म्हणून एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत. पहिला पुरता वाळू द्यावा. खालची बाजू आधी, वरची नंतर. खालची बाजू फिकी असते, कारण जमिनीवरून पाहणाऱ्याला ती आभाळात मिसळलेली दिसावी. वरच्या बाजूला हिरवे आणि मातीच्या रंगाचे पट्टे. वरून पाहणाऱ्या शत्रूला ती शेतात मिसळलेली दिसावी. टोळ गवतात दिसत नाही, तसेच हे.

शेवटी पंखावरची गोल चिन्हे उरली. डब्यात ती कागदावर छापलेली होती. ती पाण्यात भिजवून विमानावर सरकवायची असतात. इतक्या वर्षांत ती पिवळी पडली होती. काकांनी एक भिजवून पाहिले तर त्याचे तुकडे झाले. आता हाताने रंगवणे आले. पुतण्याने लाल रंग काढला. डब्यावरच्या चित्रात मधला गोळा लालच होता.

मी म्हणालो, “थांब. हे विमान कोणाचे करायचे? विलायतेचे की आपल्या पोरांनी ब्रह्मदेशात उडवलेले?”

“आपल्या पोरांचे,” तो म्हणाला.

मग लाल चालणार नव्हते. ब्रह्मदेशात शत्रू जपानी होता. जपानच्या विमानावर लाल सूर्य असे, वाटोळा. घाईत वर पाहणाऱ्याला लाल ठिपका दिसला की तो शत्रूच वाटे. आपल्याच तोफा आपल्याच विमानावर चालू नयेत, म्हणून त्या आघाडीवर चिन्हातला लाल रंग काढून टाकला. गडद निळ्याच्या आत फिका निळा, एवढेच ठेवले. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्राचे चिन्ह होते. आज आपल्या विमानांवर बाहेरून आत केशरी, पांढरा आणि हिरवा असे वर्तुळ असते.

पुतण्याने लाल डबीचे झाकण लावले. काकांनी कंपासने चार वर्तुळे आखली, दोन पंखांवर आणि दोन धडावर. बारीक कुंचला धरताना त्यांचा हात कापत होता. एक वर्तुळ जरा तिरपे झाले. ते पुसून त्यांनी पुन्हा काढले.

रविवारी पुतण्या गाडीने परत निघाला. बुटाच्या खोक्यात कापूस घालून त्यात विमान ठेवले होते. स्टेशनवर काकांनी खोक्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिले : “जपून. पंखा फिरतो.” मग पेन्सिल खिशात ठेवता ठेवता थांबले आणि त्याखाली भावाचे नाव लिहिले.