एका फोटोचा एक रुपया

बारावीचा निकाल लागला की यवतमाळात घरोघरी नीट आणि जेईईचा हिशेब सुरू होतो. त्यात एखादी मुलगी म्हणते, "मला वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचेत." वडिलांचा प्रश्न तयारच असतो: "फोटो काढून पोट भरते काय?"

प्रश्न रास्तच आहे.

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांना सुरुवातीला फोटोमागे एक रुपया मिळाला. 1913चा जन्म, वडील पारशी-उर्दू नाटक कंपनीत नट, घरची परिस्थिती बेताची. मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकताना कॅमेरा हाती आला तो मित्र माणेकशॉ यांच्यामुळे; पुढे त्यांच्याशीच लग्न झाले. सुरुवातीचे बरेच फोटो छापून आले तेही नवऱ्याच्या नावाने! 1942मध्ये दिल्लीत त्यांनी ब्रिटिश माहिती सेवेत नोकरी धरली. पगार तिथला, आणि बाहेरची कामेही सुरू. साडी नेसून, सायकलवर, खांद्याला जड कॅमेरा. फाळणीच्या प्रस्तावावरचे मतदान, लाल किल्ल्यावरचा तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा त्यांनी टिपली. 1970मध्ये काम थांबवले. पद्मविभूषण मिळाले 2011मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

पालकांनी यातून पद्मविभूषण नव्हे, पगार उचलावा. आधी पदवी, जोडीला कॅमेरा. भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र अमरावतीतच आहे आणि तिथे मराठी पत्रकारिताही शिकवतात. पदवीनंतर तो रस्ता मोकळा होतो. सुरुवातीचे मानधन तुटपुंजे असते, हे मुलीला आधीच सांगून टाकावे. लग्नसमारंभाचे फोटो काढून लेन्सचे पैसे उभे केले तर त्यात कमीपणा कसला?

आणि विषयांसाठी दिल्ली गाठायची गरज नाही. 2018मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागातल्या टी-1 वाघिणीची बातमी देशभर गाजली. अशा वेळी पांदणरस्ते ओळखणारा, गुराख्याशी वऱ्हाडीत बोलणारा गावचाच फोटोग्राफर कामी येतो.

महागडा कॅमेरा लगेच घेऊन देऊ नका. हातातला मोबाइल पुरे. कमी पडते ती फोटोओळ: कोण, कुठे, कधी, नावाचे शुद्धलेखन. ती चुकली की चांगला फोटोही उपसंपादक बाजूला ठेवतो.

दिवाळीनंतर बाजार समितीत कापसाच्या गाड्यांची रांग लागेल. त्या दिवशी मुलीला पहाटे तिकडे सोडा. दहा फोटो, दहा फोटोओळी. परतल्यावर आधी ओळी वाचा, मग फोटो पाहा.